ते वरचं पाणी ओतून देऊ नका

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतील वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाता, अतिदक्षता विभागांचे प्रमुख आणि सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळांचे प्रमुख यांस

विषय: एआरडीएसच्या (फुफ्फुसं अचानक पाण्याने भरून श्वास अडवणारा गंभीर आजार) रुग्णांच्या तपासणीनंतर उरणारा फुफ्फुसातला द्राव आणि रक्त जपून ठेवण्याबाबत विनंती

स. न. वि. वि.

मी ठाण्यातल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत २६ वर्षं तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली आणि मागच्या वर्षी निवृत्त झाले. आयसीयूतून येणाऱ्या नळ्या कशा यायच्या, त्यांचं आम्ही काय करायचो, हे आपल्याला माहीतच आहे. तरीही एकदा लिहिते, कारण माझी सगळी विनंती त्या पाच मिनिटांच्या कामाबद्दल आहे.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या फुफ्फुसात थोडं सलाइन सोडून परत ओढून घेतात. ते पाणी, म्हणजे बॅल किंवा मिनी-बॅल, खाली आमच्याकडे येतं. आम्ही ते १५०० आरपीएमवर दहा-पंधरा मिनिटं फिरवायचो. तळाशी बसलेल्या डिपॉझिटची काचेवर स्मिअर करायची, जंतू दिसावेत म्हणून ग्रॅम आणि झेडएन हे रंग लावायचे. कल्चर टाकलेलं असायचं. राहिलं वरचं पाणी, सुपरनेटंट. ते जंतू मारणाऱ्या हायपोच्या भांड्यात ओतायचं आणि नळी लाल पिशवीत टाकायची. हे काम मी इतक्या वेळा केलं आहे की हात आपोआप चालायचा.

२०१९ च्या पावसाळ्यात असाच हात चालवताना नळीवरचं नाव वाचलं. माझंच माहेरचं आडनाव होतं. नमुना माझ्या दादाचा होता.

दादा कळव्याला राहायचा. रोज ट्रान्स-हार्बरने तुर्भ्याला, एमआयडीसीतल्या कारखान्यात जायचा. त्या आठवड्यात चाळीत पाणी शिरलं होतं आणि तो दोन दिवस गुडघाभर पाण्यात उभा राहून शेजाऱ्यांचं सामान माळ्यावर चढवत होता. पायाला कुठेतरी पत्रा लागला होता, त्याकडे त्याने लक्ष दिलं नाही. आठवड्याभराने ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, डोळे लालभडक झाले. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) आयजीएम तपासणी पॉझिटिव्ह आली तोवर डोळे पिवळे दिसू लागले होते. दुसऱ्या रात्री खोकल्यातून रक्त पडलं आणि ऑक्सिजन उतरत गेला. डॉक्टरांनी काहीही बाकी ठेवलं नाही. अँटिबायोटिक वेळेवर सुरू केलं, वजनाच्या हिशोबाने लहान श्वास दिले, सोळा-सोळा तास पालथं ठेवलं. सहाव्या दिवशी दादा गेला. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही, हे स्पष्ट लिहून ठेवते.

त्याच्या नळीतलं पाणी गुलाबी होतं. मी ते फिरवलं, डिपॉझिट घेतलं, स्मिअर केली, आणि वरचं पाणी हायपोत ओतलं.

दादाची मुलगी तेव्हा बीएस्सीला होती. आता ती पुण्याला पेशींवर पीएचडी करते. गेल्या भाऊबीजेला वहिनींकडे गेले होते, तेव्हा ती तिच्या कामाबद्दल सांगत होती आणि मी माझ्या. नळी, डिपॉझिट, हायपो असं सगळं ऐकून ती गप्प झाली. मग म्हणाली, "आत्या, म्हणजे बाबांचंही वरचं पाणी ओतून दिलं?" मी हो म्हटलं. ती रागावली नाही. तिने वही काढली आणि त्या पाण्यात काय असतं ते मला रात्री एक वाजेपर्यंत शिकवलं. पुढचं सगळं तिच्याकडून आणि तिने वाचायला दिलेल्या लेखांतून शिकलेलं आहे.

आपल्यापैकी काहींना हे माझ्याहून चांगलं ठाऊक असेल. पण प्रयोगशाळेत नळ्या फिरवणाऱ्या आमच्यासारख्यांना हे कोणी सांगितलेलं नाही, म्हणून त्यांना कळेल अशा भाषेत लिहिते.

शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या अंगाचा बारीक तुकडा स्निग्ध पडद्यात गुंडाळून बाहेर सोडत असते. पुस्तकात याला पेशीबाह्य पुटिका म्हणतात. मला ती वाण्याच्या दुकानातल्या पुडीसारखी वाटते, म्हणून मी पुडीच म्हणते. पेशीच्या आत तयार होऊन बाहेर पडणाऱ्या लहान पुड्या, म्हणजे एक्झोसोम, साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या. पेशीच्या पडद्यालाच फुगवटा येऊन सुटणाऱ्या त्याहून मोठ्या, शंभरापासून हजार नॅनोमीटरपर्यंतच्या. लहानांतल्या जवळपास हजार पुड्या एका केसाच्या जाडीत ओळीने मावतील. पुडीच्या आत प्रथिनं असतात, आरएनएचे तुकडे असतात, कधी पेशीला ऊर्जा देणारं आख्खं मायटोकाँड्रिया असतं. बाहेरच्या पडद्यावर मूळ पेशीच्या खुणा राहतात, त्यामुळे पुडी कोणत्या दुकानातून आली हे ओळखता येतं. दुसरी पेशी ती पुडी गिळते आणि आतल्या मालाप्रमाणे वागू लागते.

आता सेंट्रिफ्यूजचा प्रश्न बघा. आमच्या मशीनवर पेशी आणि जंतू खाली बसतात. या पुड्या बसत नाहीत. लहान पुड्या तळाशी आणायला गुरुत्वाकर्षणाच्या एक लाखपट जोर लागतो आणि तोही तासाहून जास्त वेळ. म्हणजे आमच्या नळीत त्या सगळ्या वरच्या पाण्यातच राहतात, आणि तेच पाणी आम्ही ओततो.

१९६७ साली पीटर वुल्फ यांनी रक्तद्रवात प्लेटलेटमधून सुटलेले असे बारीक कण दाखवले. त्यांना त्यांनी 'प्लेटलेट डस्ट' म्हटलं, प्लेटलेटची धूळ. त्याच वर्षी अमेरिकेत डेन्व्हरच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये १२ रुग्णांची हकीकत छापली. वेगवेगळ्या कारणांनी आजारी पडलेल्या त्या सगळ्यांची फुफ्फुसं एकाच पद्धतीने ओली आणि कडक झाली होती. आज आपण ज्याला एआरडीएस म्हणतो त्याची ती पहिली नोंद. धूळ आणि आजार एकाच वर्षी कागदावर आले, पण दोघांची गाठ पडायला चाळीसेक वर्षं लागली. मधल्या काळात, १९८३ मध्ये, माँट्रियलला रोझ जॉन्स्टोन आणि सेंट लुइसला फिलिप स्टाल यांच्या गटांनी कोवळ्या लाल पेशी नकोशी प्रथिनं पुड्यांत घालून बाहेर टाकतात हे पाहिलं, आणि तेव्हा सगळ्यांनी ठरवलं की हा पेशीचा केर. पेशींच्या पुड्यांतून आरएनए एका पेशीकडून दुसरीकडे जातो हे २००७ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवल्यावर हे मत बदललं. आपल्या प्रयोगशाळांत मात्र तो अजून केरच आहे.

फुफ्फुसात हे कसं घडतं ते मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे. वायुकोशाची भिंत मायक्रोमीटरहूनही पातळ असते. एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला रक्त. वायुकोशात मॅक्रोफेज नावाची पहारेकरी पेशी फिरत असते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या गटाने २०१६ मध्ये उंदरांच्या फुफ्फुसात जंतूंचं विष सोडून पाहिलं. तासाभरात या पहारेकऱ्यांनी टीएनएफ भरलेल्या पुड्या सोडल्या होत्या. टीएनएफ म्हणजे दाह पेटवणारं प्रथिन. ते पुडीत असलं की सांभाळून नेलं जातं. अशा पुड्या निरोगी उंदराच्या फुफ्फुसात घातल्या तर तिथेही इजा झाली. एआरडीएसच्या रुग्णांच्या फुफ्फुसातल्या पाण्यात रक्त गोठवणारा टिश्यू फॅक्टर घेऊन फिरणारे कण सापडले आहेत. या आजारात वायुकोशांना आतून जो फायब्रिनचा लेप बसतो, त्याच्याशी याचा धागा जुळतो. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या पुड्यांवर इलास्टेज हे तंतू कुरतडणारं द्रव्य बसलेलं असतं आणि शरीराचा नेहमीचा बंदोबस्त त्याला तिथे रोखू शकत नाही, हे अमेरिकेत अलाबामाच्या गटाने २०१९ मध्ये दाखवलं. ते काम फुफ्फुसाच्या जुनाट आजारावर होतं, तरी आयसीयूतल्या रुग्णाच्या फुफ्फुसात न्यूट्रोफिल किती असतात हे स्मिअर पाहणाऱ्याला सांगायला नको.

जंतूही पुड्या सोडतात, हे मला सर्वांत नवं होतं. क्लेब्सिएला, असिनेटोबॅक्टर यांच्यासारखे ग्रॅम-निगेटिव्ह जंतू आपल्या बाहेरच्या पडद्याच्या पुड्या सोडतात आणि त्यांत एंडोटॉक्सिन हे विष असतं. कल्चर निगेटिव्ह आलं तरी त्या पुड्या पाण्यात असू शकतात. मी कितीदा 'नो ग्रोथ' असा रिपोर्ट लिहिला आणि रुग्णाचा ताप मात्र उतरला नाही, ते आठवलं.

पण सगळ्या पुड्यांत विष नसतं. काहींत अंगाराही असतो. २०११ मध्ये फ्रान्समधल्या एका अभ्यासात एआरडीएसमधून वाचलेल्या रुग्णांमध्ये पांढऱ्या पेशींचे हे कण जास्त आढळले. सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने २०१४ मध्ये अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींच्या (स्टेम सेलच्या) पुड्या उंदरांना दिल्या, तर जखमी फुफ्फुसातली सूज आणि दाह कमी झाला. पेशी न देता नुसत्या पुड्या देऊन. म्हणजे कोणाच्या, कोणत्या दिवशी सुटलेल्या, काय भरलेल्या, यावर सगळं अवलंबून आहे. हे कळायला नमुने लागतात, तेही एकाच रुग्णाचे पहिल्या, तिसऱ्या, सातव्या दिवसाचे.

आणि ते आपल्या रुग्णांचे लागतात. या आजारावरचे बहुतेक अभ्यास युरोप-अमेरिकेतले, तिथल्या न्यूमोनियाचे, सेप्सिसचे, अपघातांचे. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये आयसीयू भरतो तो लेप्टो, डेंग्यू, मलेरिया यांनी. गंभीर मलेरियात रक्तातल्या या पुड्या वाढतात हे माहीत आहे. पण दिव्यात, मुंब्र्यात, राबोड्यात, तुर्भे स्टोअर्सला पाण्यातून चालत गेलेल्या माणसाच्या फुफ्फुसात लेप्टो शिरल्यावर कोणत्या पेशी आधी पुड्या सोडतात, ते सांगायला इथल्याच खाटेवरचा नमुना हवा. दरवर्षी पावसाळा येतो, नमुने येतात, आणि हायपोत जातात.

एआरडीएससाठी म्हणून बनलेलं, सर्व रुग्णांना लागू पडेल असं एकही औषध आज हातात नाही, हे आपण जाणताच. ज्याने जीव वाचले ते व्हेंटिलेटर वापरण्याच्या शहाणपणाने. २००० सालच्या मोठ्या चाचणीत किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलिटर श्वास दिला तेव्हा मृत्यू सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. २०१३ मध्ये फ्रान्समध्ये गंभीर रुग्णांना पालथं ठेवलं तेव्हा २८ दिवसांतले मृत्यू ३३ टक्क्यांवरून १६ वर आले. कोव्हिडमध्ये डेक्सामेथासोनने मदत केली. औषधांच्या बाकी बऱ्याच चाचण्या पडल्या. त्याचं एक कारण असं मानतात की एआरडीएस हे एक नाव आहे, पण त्याखाली वेगवेगळ्या जातीचे आजार आहेत. अमेरिकेतल्या डॉ. कॅल्फी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये जुन्या चाचण्यांचे जपून ठेवलेले नमुने तपासून त्यात निदान दोन जाती दाखवल्या: एकीत दाह भडकलेला, दुसरीत कमी. जुने, जपून ठेवलेले नमुने! कोणीतरी ते वर्षानुवर्षं फ्रीझरमध्ये ठेवले होते म्हणून ते जमलं.

म्हणून माझी मागणी अशी. येत्या पावसाळ्यापासून आयसीयूतून आलेल्या बॅलचं डिपॉझिट काढून झालं की वरचं पाणी क्रायोव्हायलमध्ये, म्हणजे गोठवायच्या नळ्यांत, भरून उणे ८० अंशांवर ठेवा. एका मोठ्या नळीत नको. अर्धा-अर्धा मिलिलिटरच्या लहान नळ्यांत ठेवा, कारण वितळवून पुन्हा गोठवलं की पुड्या फुटतात. नमुना आल्यापासून गोठेपर्यंत किती वेळ गेला ते प्रत्येक नळीसाठी लिहून ठेवा. रक्त ठेवायचं असेल तर सायट्रेटच्या निळ्या बुचाच्या नळीतलं. साध्या नळीत रक्त गोठताना प्लेटलेट स्वतःच ढिगाने पुड्या सोडतात आणि मग मूळच्या कोणत्या, नळीतल्या कोणत्या, हे समजत नाही. प्लाझ्मा दोनदा फिरवायचा, २५०० जी-वर पंधरा-पंधरा मिनिटं. हेमोलाइज झालेला, म्हणजे लाल पेशी फुटून लालसर झालेला, असेल तर नोंद करायची. यात एकही गोष्ट अशी नाही जी आपल्या तंत्रज्ञांना एका दुपारी शिकवता येणार नाही.

अल्ट्रासेंट्रिफ्यूज आपल्याकडे हवंच असं नाही. कोव्हिडमध्ये जिथे आरटीपीसीआर प्रयोगशाळा उभ्या राहिल्या तिथे उणे ८० चे फ्रीझर आले, त्यातला एक कप्पा पुरे. पुढचं काम करणाऱ्या संस्था दूर नाहीत. पवईला आयआयटी आहे, परळला आयसीएमआरच्या संस्था आहेत, आणि खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक आहे. कर्करोगाच्या बाबतीत नमुना जपायची शिस्त तिथे रोजची आहे. ती शिस्त खारघरहून आपल्या आयसीयूत का येऊ नये?

एक काळजी मात्र पहिल्या दिवसापासून घ्यायला हवी. नमुन्यासाठी म्हणून कोणत्याही रुग्णाचं बॅल करू नका. ज्याचा ऑक्सिजन आधीच ऐंशीच्या घरात आहे त्याच्या फुफ्फुसात सलाइन सोडणं म्हणजे त्याचा श्वास आणखी अडवणं. उपचारासाठी जे काढलं जाईल त्यातलं उरेल तेवढंच घ्यायचं. त्यासाठी आणखी एक वाट आहे. व्हेंटिलेटरच्या नळीत श्वासातली ओल आणि ऊब धरून ठेवणारा जो एचएमई फिल्टर असतो, सिस्टर जो ठरलेल्या वेळी काढून कचऱ्यात टाकतात, त्यात साचलेल्या पाण्यात वायुकोशातली प्रथिनं सापडतात, असं अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये दाखवलं. रुग्णाला हातही न लावता मिळणारा नमुना. तोही आपण लाल-पिवळ्या पिशव्यांत घालून पाठवून देतो.

संमतीबद्दल मी नातेवाईक म्हणून बोलते. आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर मी वहिनींबरोबर पाच रात्री काढल्या आहेत. तिथे बसलेल्या माणसाच्या हातात इंग्रजी छापील कागद देऊन 'इथे सही करा' म्हणू नका. त्या पाच रात्रींत आम्ही इतक्या सह्या केल्या की कशावर केल्या ते आजही सांगता येणार नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत जैविक नमुने आणि त्यांच्या साठवणीवर वेगळं प्रकरण आहे. नैतिकता समितीसमोर रीतसर प्रस्ताव न्या. मराठीत आणि हिंदीत एका पानाचा कागद करा. नळी फुफ्फुसात घालत असताना विचारू नका, रुग्ण थोडा स्थिर झाल्यावर विचारा, आणि तो शुद्धीवर आला तर त्याला स्वतःला पुन्हा विचारा. नाही म्हटलं तर उपचारात तीळभर फरक पडणार नाही, हे तोंडाने सांगा. नळीवर नाव नको, आकडा असू द्या. वहिनींना मी विचारलं, तेव्हा दादाचं पाणी ठेवायला दिलं असतं का? त्या म्हणाल्या, "कोणी नीट विचारलं असतं तर का नसतं दिलं? त्याने आयुष्यभर दुसऱ्यांचंच सामान उचललं."

आणखी एक गोष्ट, तिचा संबंध थेट नसला तरी. 'एक्झोसोम' हा शब्द आज शहरात बऱ्याच जणांच्या कानावर गेला आहे, पण तो केसांसाठी आणि चेहऱ्यासाठी. जाहिरातीत तो कुपीत भरून विकतात. अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१९ मध्येच मान्यता नसलेल्या अशा उत्पादनांबद्दल लोकांना सावध केलं होतं, कारण नेब्रास्कात काही रुग्णांना गंभीर त्रास झाला होता. कोव्हिडच्या एआरडीएसमध्ये मूळ पेशींच्या पुड्या देण्याची १०२ रुग्णांची एक रीतसर चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. आशा वाटावी असं तीत काही आहे, पण खाटेवरच्या रुग्णाला सरसकट द्यावं इतका पुरावा त्यातून होत नाही. उद्या एखाद्या आयसीयूच्या दारात कोणी घाबरलेल्या नातेवाइकाला लाखांची कुपी विकायला उभा राहिला तर तिथल्या डॉक्टरांना ठामपणे नको म्हणता यायला हवं. स्वतःच्या रुग्णांचा अभ्यास केलेल्या विभागाला ते जास्त ठामपणे म्हणता येईल. मी इलाज मागत नाही. जे रोज ओततो ते ओतू नका, एवढंच मागते.

हे पत्र मी जानेवारीत लिहिते आहे ते मुद्दाम. समितीची परवानगी, फ्रीझरचा कप्पा, नळ्यांची खरेदी आणि नोंदवही याला चार-पाच महिने लागतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिलं पाणी तुंबेल आणि जुलैत पहिला लेप्टोचा रुग्ण व्हेंटिलेटरवर जाईल. तेव्हा वही तयार असावी.

माझ्याकडे वेळ आहे. ठाण्यापासून पनवेलपर्यंत ज्या महाविद्यालयाला हवं तिथे मी मंगळवारी आणि शुक्रवारी येईन, तंत्रज्ञांना डबल स्पिन, नळ्या भरणं आणि नोंदी शिकवीन. मानधन नको. माझी भाची रजा काढून पहिल्या दिवशी बरोबर येणार आहे. एक पिपेट आणि एक टेबल द्या.

आपली,
ठाण्यातील एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ